कंबर दुखते? खुर्ची बदलण्याआधी टेबल मोजा

कंबर दुखायला लागली की लोक आधी खुर्ची बदलतात. पण बरेचदा दोष टेबलाचा असतो. ऑफिसचं टेबल साधारण ७५ सेंटीमीटर, म्हणजे अडीच फूट उंच असतं. पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसाला टायपिंगसाठी ६५ सेंटीमीटरच्या आसपास उंची लागते. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कचेरीतला कारकून असो की तिथल्याच मिहान औद्योगिक क्षेत्रातला प्रोग्रॅमर, या दहा सेंटीमीटरच्या फरकाचा भार कंबरेवरच येतो.

तो कसा? खुर्ची खाली ठेवली तर खांदे उचलून काम करावं लागतं. वर घेतली तर पाय लोंबतात आणि सीटची कड मांडीखाली रुतते. ती टोचू नये म्हणून माणूस नकळत पुढे सरकतो, पाठ टेकायची राहून जाते. कंबरेचा आतला बाक सपाट होतो, मणक्यांमधल्या चकत्या पुढच्या बाजूने दबतात आणि मागचे अस्थिबंध तासन् तास ताणलेले राहतात.

उपाय स्वस्त आहे. दंड सैल सोडून कोपर काटकोनात वाकवा. कीबोर्ड कोपराच्या पातळीला येईल इतकी खुर्ची वर घ्या. आता पाय जितके अधांतरी, तितकं उंच काहीतरी पायाखाली ठेवा. झेरॉक्सच्या कागदाचा एक रिम सुमारे ५ सेंटीमीटर जाड असतो, बहुतेकांना दोन पुरतात. उन्हासाठी आणलेला दुपट्टा घट्ट गुंडाळून पट्ट्याच्या किंचित वर, पाठ आणि खुर्ची यांच्यामध्ये ठेवा. खुर्चीची पाठ थोडी मागे कललेली बरी. अगदी ताठ बसण्याचा आग्रह स्नायूंना उगाच थकवतो. स्क्रीन हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. लॅपटॉप असेल तर तो उंचावर ठेवून कीबोर्ड वेगळा घ्यावाच लागतो, त्याला दुसरा इलाज नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक चूक हमखास होते. कूलरचा झोत अंगावर यावा म्हणून खुर्ची तिरकी केली जाते, स्क्रीन मात्र जागेवरच. मग कंबर दिवसभर पिळलेली. फिरवायचंच तर टेबलासकट फिरवा.

एवढं करूनही तीन तास हललाच नाहीत, तर पाठ दुखणारच. प्रौढ माणसाच्या चकतीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. पोषण आजूबाजूच्या पेशीजालातून झिरपत येतं आणि हालचालीने दाब कमी-जास्त होत राहिला की त्याला मदत होते. म्हणून दर अर्ध्या तासाने उठा. पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नका. लहान पेला घ्या आणि माठापर्यंत चालत जा. तिथेच कंबरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा हळूच मागे वाका. पायात कळ उतरली तर मात्र लगेच थांबा.

पायातली ताकद कमी होणं, जांघेभोवती बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांपैकी काही झालं तर टेबल-खुर्ची मोजत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.