उत्पादन बंद झालेली ध्वनियंत्रे आणि सुट्या भागांचा प्रश्न : कोकणातील पार्श्वभूमी

व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) रेडिओच्या काळात दुरुस्तीचा प्रश्न फारसा बिकट नव्हता, कारण बहुतेक भाग प्रमाणित असत आणि सर्किटचा कागद अनेकदा पेटीच्या आतच चिकटवलेला असे. चित्र बदलले ते आखाती नोकऱ्यांनंतर. १९९१ पूर्वीच्या जबर आयात शुल्कामुळे भारी अँप्लिफायर, कॅसेट डेक आणि पुढे सीडी प्लेयर कोकणात आले ते मुख्यतः दुबई, कुवेत, मस्कतहून सुट्टीवर परतणाऱ्यांच्या सामानातून. त्यामुळे या यंत्रांना येथे अधिकृत विक्रेता नव्हता, वॉरंटी लागू नव्हती आणि बिघाड झाल्यास गावातला रेडिओ मेकॅनिक हाच काय तो आधार होता.

किनाऱ्याच्या हवेने या यंत्रांचे वय लवकर उघड केले. खारट दमट हवेत रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि साध्या स्विचचे संपर्क काळे पडतात, स्पीकरच्या कडेचा फोम भुसभुशीत होतो, डेकचे रबरी पट्टे चिकट होतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे आत ओलसर द्रव असलेला वीज साठवणारा भाग, उष्णतेने सुकतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. त्यात पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली होतो.

या सगळ्यापेक्षा निर्णायक ठरला तो कंपनीने सुटे भाग राखून ठेवण्याच्या मुदतीचा प्रश्न. अनेक जपानी माहितीपुस्तिकांमध्ये दुरुस्तीचे आवश्यक भाग उत्पादन थांबल्यापासून आठ वर्षे ठेवले जातील, असे छापलेले असे. येथे मोजणी खरेदीपासून नव्हे, तर कारखान्यातील उत्पादन थांबल्यापासून होते. म्हणजे १९८३ मध्ये उत्पादन बंद झालेला अँप्लिफायर एखाद्याने आखाती दुकानातील शिल्लक मालातून १९८६ मध्ये घेतला असेल, तर त्याच्या वाट्याला पाचच वर्षे येतात. उलट कपॅसिटर सुकण्यासारखे वयाचे बिघाड बहुधा पंधरा-वीस वर्षांनी डोके वर काढतात. उत्पादकांची बाजू अशी, की मॉडेल सतत बदलत असताना प्रत्येकाचे भाग अनंतकाळ साठवणे परवडत नाही, शिवाय रबर आणि कपॅसिटर गोदामातही खराब होतातच. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. जे भाग ठेवून नासतात, ते कोणत्याही बाजारात दुसऱ्या बनावटीचे मिळतात. आणि जे केवळ मूळ कंपनीकडेच मिळू शकत होते, म्हणजे खास आयसी (अनेक भाग एकत्र असलेली चिप), सीडी वाचणारा लेसर पिकअप आणि दुरुस्तीची माहिती देणारे सर्व्हिस मॅन्युअल, ते नीट ठेवल्यास दीर्घकाळ टिकतात. आठ वर्षांच्या मर्यादेने नेमके तेच दुर्मीळ केले.

ही पोकळी नकली मालाने भरून काढली. सी ३२८१ आणि ए १३०२ ही स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी उत्पादनातून गेल्यावर तिच्या बनावट प्रती जगभर पसरल्या. बाहेरून छापा तोच, आत मात्र लहान चिप, जी मोठ्या आवाजावर जळते आणि कधी स्पीकरही सोबत नेते. एसटीके या अँप्लिफायरच्या आयसीच्या बाबतीतही हेच घडले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक बाजारातून मागवलेला भाग अस्सल असेलच, याची खात्री रत्नागिरी किंवा मालवणच्या मेकॅनिकला देता येत नाही, आणि दोनदा जळालेल्या अँप्लिफायरचा दोष मात्र त्याच्याच माथी बसतो. म्हणून अनेकजण त्याच मॉडेलचा निकामी संच विकत घेऊन त्याचे भाग काढणे पसंत करतात.

अलीकडे सरकारांनी आणि कायद्यांनी या विषयाची दखल घेतली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माहितीचे पोर्टल सुरू केले. त्यात ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा समावेश आहे, परंतु कंपन्यांनी आपली माहिती तेथे देण्यावर भर आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा कायदा १ जुलै २०२४ पासून अधिक कडक झाला. १०० डॉलर व त्यावरील उपकरणांसाठी भाग, अवजारे आणि कागदपत्रे शेवटच्या उत्पादनानंतर सात वर्षे देणे त्याने बंधनकारक केले. मात्र तो १ जुलै २०२१ रोजी किंवा त्यानंतर प्रथम बनवलेल्या आणि विकलेल्या उपकरणांनाच लागू आहे. मोजणीची सुरुवात तेथेही उत्पादनाच्या तारखेलाच बांधलेली राहिली.