हरल्याचा जाब कोणाला? मुंबई सिटीचे नेरुळमधले दोन हंगाम

मुंबई सिटी एफसी ही आपली फुटबॉल टीम दोन-तीन सामने ओळीने हरली की चर्चेची गाडी लगेच कोचवर येऊन थांबते. कोच बदला, नाहीतर कॅप्टन बदला. या सवयीचं मूळ शोधायचं तर अंधेरीच्या नव्हे, नेरुळच्या मैदानाकडे बघावं लागतं. क्लबचे पहिले दोन हंगाम, २०१४ आणि २०१५, डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले, हे आताच्या कॉलेजवयातल्या पोरांना सांगावं लागतं.

क्लब ज्यात खेळतो त्या इंडियन सुपर लीगची मांडणीच अशी होती की अपयशाची किंमत कोणालाच मोजावी लागू नये. ऑक्टोबर ते डिसेंबर असा जेमतेम अडीच महिन्यांचा हंगाम, आठ संघ, प्रत्येकाचे १४ साखळी सामने. तळाला गेलं तरी खालच्या श्रेणीत घसरण नाही. प्रत्येक संघात परदेशातून आणलेला, कारकीर्द उतरणीला लागलेला एक मोठा चेहरा, ज्याला ‘मार्की’ म्हणायचे. मुंबईचे मालक रणबीर कपूर आणि बिमल पारेख. पोस्टरवर सगळं छान दिसत होतं.

पहिला कोच पीटर रीड, इंग्लंडचे माजी मिडफिल्डर. मार्की खेळाडू फ्रेडी युंगबर्ग, पण दुखापतींमुळे तो मोजकेच सामने खेळला. फ्रेंच स्ट्रायकर निकोलस अनेल्का इंग्लंडमधल्या बंदीमुळे पहिल्या तीन सामन्यांत नव्हता. कोलकात्यात सलामीलाच ०-३ अशी हार. मग १८ ऑक्टोबरला नेरुळमध्ये पुण्याला ५-० धुतलं. आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक, लीगच्या इतिहासातली पहिलीच. त्या रात्री स्टेशनकडे परतणारी गर्दी ट्रॉफी जिंकल्यासारखी ओरडत होती. पुढे काय झालं ते आकड्यांतच बघा: अख्ख्या हंगामात १२ गोल, त्यांतले ५ त्या एकाच रात्रीचे. आठ संघांत सातवा क्रमांक. त्यात भर म्हणजे २० डिसेंबरची अंतिम लढत याच नेरुळच्या मैदानावर झाली, कोलकाता आणि केरळ यांच्यात. घर आपलं, लग्न दुसऱ्याचं.

रीड गेले, आणि त्यांच्या जागी जे झालं ते या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. जुलै २०१५ मध्ये क्लबने अनेल्कालाच कोच केलं, खेळाडूपद कायम ठेवून. हाच अनेल्का २०१० च्या विश्वचषकात फ्रान्सचे कोच रेमों दोमेनेक यांना शिवीगाळ केली म्हणून घरी पाठवला गेला होता. त्यानंतर बाकीच्या संघाने सरावावर बहिष्कार टाकला आणि तो तमाशा जगाने पाहिला. माणूस बदलू शकतो, हे मान्य. पण प्रश्न स्वभावाचा नव्हताच. अनेल्काचा फॉर्म गेला तर अनेल्काला बाहेर कोणी बसवायचं? सराव चुकवणाऱ्याला दटावणारा आणि त्याच्या शेजारच्या लॉकरला बूट काढणारा एकच माणूस असेल, तर ड्रेसिंग रूममधली तक्रार न्यायची कोणाकडे? खेळाडू-कोच ही जुनी पद्धत आहे, युरोपात तिची चांगली उदाहरणंही आहेत. पण तिथे वर विचारणारं कोणीतरी असतं. इथे वर फक्त मालक होते.

आणि संघ काही टाकाऊ नव्हता. लिलावात १ कोटी २० लाखांची बोली लावून घेतलेला सुनील छेत्री होता. २८ ऑक्टोबरला नेरुळमध्ये नॉर्थईस्टविरुद्ध त्याने तीन गोल केले. या लीगमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला भारतीय. सामना ५-१. तीन आठवडेही झाले नाहीत तोच, १७ नोव्हेंबरला फातोर्ड्यात गोव्याने मुंबईवर सात गोल चढवले, उत्तरात शून्य. दुदु ओमागबेमी आणि हाओकिप, दोघांचीही हॅटट्रिक. हंगामात २६ गोल खाल्ले, गुण आदल्या वर्षाइतकेच, १६. क्रमांक सहावा.

या दोन वर्षांत प्रेक्षकही जाब विचारू शकले नाहीत, याला मैदानही थोडं कारणीभूत असावं, असं मला वाटतं. डी. वाय. पाटील हे मुळात क्रिकेटचं स्टेडियम. छताला मध्ये खांब नाही, दिसतं सगळं स्वच्छ; पण स्टँड आणि टचलाइन यांच्यात एवढं अंतर की तुम्ही घसा फोडून घातलेली शिवी बेंचपर्यंत पोचायची नाही.

२०१६ मध्ये संघ अंधेरीला गेला. अलेक्झांद्रे गिमारेस कोच झाले, उरुग्वेचा स्ट्रायकर दिएगो फोर्लान आला, आणि १४ साखळी सामन्यांत फक्त ८ गोल खाऊन मुंबई अव्वल आली. उपांत्य फेरीत कोलकात्यात फोर्लानला लाल कार्ड मिळालं, तिथेच संपलं. पुढच्याच हंगामात त्याच गिमारेसचा संघ सातवा आला. म्हणजे कोच ही जादूची कांडी नव्हे.

हे जास्त स्पष्ट दिसतं ते शहरातल्या दुसऱ्या क्लबमध्ये. सुपर लीगच्या आधीपासून चालत आलेल्या आय-लीगमधल्या मुंबई एफसीला खालिद जमील यांनी वर्षानुवर्षं तुटपुंज्या साधनांत तगवून ठेवलं होतं. ट्रॉफी नाही, पण घसरणही नाही. २०१६ मध्ये त्यांना नारळ दिला. ते आयझॉलला गेले आणि २०१६-१७ ची आय-लीग जिंकून आले. त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटची आली, खाली घसरली आणि क्लबच बंद पडला. बदललेला माणूस चुकीचा होता हे कबूल करायला कार्यालयच उरलं नाही.

मुंबई सिटीत खरा फरक नोव्हेंबर २०१९ नंतर पडला, मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीने, सिटी फुटबॉल ग्रुपने, ६५ टक्के हिस्सा घेतल्यावर. परदेशी मालक आले म्हणून नव्हे. खेळाडू कोण निवडतो, कोचचा हिशोब कोण घेतो, ही कामं माणसावरून पदांवर गेली. सर्जिओ लोबेरा यांनी २०२०-२१ मध्ये साखळीत अव्वल येण्याची शील्ड आणि अंतिम लढतीचा कप दोन्ही आणले. नंतर आलेल्या डेस बकिंगहॅम यांचा पहिला हंगाम पाचव्या क्रमांकावर संपला. नेरुळच्या काळात त्यांचं सामान बांधलं गेलं असतं. इथे त्यांना ठेवलं, आणि पुढच्या वर्षी २० सामन्यांत ४६ गुण, ५४ गोल आणि शील्ड. २०२३ च्या नोव्हेंबरात ते ऐन हंगामात ऑक्सफर्ड युनायटेड या इंग्लिश क्लबला निघून गेले. पेत्र क्रात्की आले, संघ कोसळला नाही, आणि ४ मे २०२४ ला मुंबईने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून कप उचलला.