वस्ती सुधारणेचा निधी कुठे खर्च झाला? माहिती अधिकारात अर्ज करताना

तलावाचे सुशोभीकरण, जुन्या बाजारपेठेची दुरुस्ती, वस्तीतले काँक्रीट रस्ते, गटारे, स्मशानभूमीची शेड. अशा कामांच्या जागी फलक लागतो, त्यावर योजनेचे नाव आणि निधीचा आकडा असतो. प्रत्यक्षात किती काम झाले आणि किती बिल निघाले हे जाणून घ्यायचे असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करता येतो. अडचण अशी की बरेच अर्ज “काम निकृष्ट का झाले?”, “जबाबदार कोण?” असे प्रश्न विचारतात आणि तिथेच फसतात. जन माहिती अधिकारी (कार्यालयाने माहिती देण्यासाठी नेमलेला अधिकारी) नोंदीत असलेली माहिती द्यायला बांधील आहे, कारणे शोधून किंवा मत बनवून द्यायला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात हे स्पष्ट केले आहे. तेव्हा प्रश्न विचारू नका, कागद मागा. तोही नाव घेऊन.

अर्ज कोण करू शकतो? भारताचा कोणताही नागरिक. त्याच गावचा किंवा प्रभागाचा रहिवासी असण्याची अट नाही. अधिकार नागरिकाला आहे, म्हणून मंडळाच्या किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज करण्यापेक्षा पदाधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने करावा. माहिती कशासाठी हवी हे सांगावे लागत नाही. कलम ६(२) तसेच म्हणते. काउंटरवर कोणी विचारलेच तर हे कलम दाखवावे, वाद घालत बसू नये.

अर्जाआधी एक काम घरबसल्या होते. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीचा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पाहता येतो. कामाचे नेमके नाव, वर्ष आणि योजना तिथून उतरवून घ्या. पंधराव्या वित्त आयोगात २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामांवर खर्चायचा, तर ४० टक्के अबंधित ठरवलेला होता. पोर्टलवरचा खर्च बंधित निधीतला की अबंधित हे कळले की अर्जातली निम्मी संदिग्धता जाते.

आता मूळ मुद्दा: कोणते कागद मागायचे. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदेचा तुलनात्मक तक्ता आणि कार्यारंभ आदेश यांवरून काय ठरले होते ते समजते. मोजमाप पुस्तिका, देयके, साहित्य चाचणी अहवाल, पूर्णत्वाचा दाखला आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांवरून काय झाल्याचे दाखवले ते समजते. माझ्या मते यातला सर्वांत बोलका कागद मोजमाप पुस्तिका, म्हणजे बोलीभाषेतली एमबी. रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी अभियंत्याने तीत नोंदवलेली असते आणि बिल तिच्यावरच निघते. अंदाजपत्रक आणि एमबी शेजारी ठेवा, मग टेप घेऊन जागेवर जा. उपयोगिता प्रमाणपत्रावर मात्र फार विसंबू नका. ते पैसे खर्च झाल्याचे सांगते, काम टिकेल की नाही ते सांगत नाही. कंत्राटातली दोषदायित्वाच्या मुदतीची अट जरूर मागा. ती मुदत संपलेली नसेल तर उखडलेला रस्ता ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो.

महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात करतात. २०१२ पासूनच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत असावा. म्हणून दोन रस्त्यांसाठी दोन अर्ज करणे शहाणपणाचे. मजकूर असा चालेल: “सन ____ मधील ____ या कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने आणि अदा केलेल्या सर्व देयकांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.”

शुल्क १० रुपये. कोर्ट फी स्टॅम्प लावणे सर्वांत सोपे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला अर्जाचे शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. ओळखपत्राची प्रतही जोडून टाकावी, म्हणजे नागरिकत्वाच्या मुद्द्यावर अर्ज अडत नाही. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा आणि पोच घ्यावी. पोच नसेल तर पुढचे अपील लंगडे पडते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे ही त्यांची जबाबदारी आहे.

प्रतींना पानाला २ रुपये पडतात, त्यामुळे जाड फाइल असेल तर आधी अवलोकन मागा. पहिला तास मोफत असतो. फाइल चाळून हव्या त्या पानांच्याच प्रती घ्या. कलम २(ञ) तर याहून पुढे जाते: प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क देते. हे फारसे कोणी वापरत नाही, याचे आश्चर्य वाटते.

उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. प्रतींच्या शुल्काचे पत्र आले तर तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, तेव्हा लगेच भरा. मुदत उलटली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते. “ठेकेदाराची खाजगी बाब” असे सांगून नकार आला, तर सार्वजनिक हित हानीपेक्षा मोठे असल्यास माहिती देता येते हे कलम ८(२) अपिलात मांडा.

उत्तर मिळाले नाही किंवा अर्धवट मिळाले, तर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे ‘जोडपत्र ब’ मध्ये अपील करा. शुल्क २० रुपये. निर्णय ३० दिवसांत, कारणे नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायचा असतो. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. विनाकारण माहिती रोखणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड आयोग करू शकतो. आयोगाकडे प्रकरणे तुंबलेली असतात, म्हणून पहिले अपील नीट, कलमे घालून लिहिण्यात वेळ गेला तरी परवडतो.

खर्च झालेला पैसा वसूल करून देणे मात्र आयोगाच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी साक्षांकित प्रती जोडून ग्रामपंचायतीच्या कामाची तक्रार जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे आणि महापालिकेच्या कामाची आयुक्तांकडे वेगळी करावी लागते.