ओपनपीजीपी किल्लीजोडी

ईमेलमधला मजकूर पाठवणारा आणि घेणारा या दोघांखेरीज कोणालाही वाचता येऊ नये, यासाठी वापरली जाणारी एकमेकींशी गणिताने बांधलेल्या दोन किल्ल्यांची जोडी. सार्वजनिक किल्ली जगाला द्यायची. तिने बंद केलेले पत्र उघडते ते फक्त खासगी किल्लीने. डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ मध्ये मांडलेली ही कल्पना फिल झिमरमन यांच्या पीजीपी या प्रोग्रॅममुळे १९९१ मध्ये सामान्य माणसाच्या हाती आली. ओपनपीजीपी हे तिचे खुले मानक, तर जीपीजी हा त्यानुसार चालणारा मुक्त प्रोग्रॅम.

किल्ली किती भक्कम, हे ती तयार होते त्या क्षणीच ठरते. आरएसए या किल्ल्या बनवण्याच्या एका पद्धतीत संगणक दोन अवाढव्य मूळ संख्या निवडून त्यांचा गुणाकार करतो. गुणाकार सर्वांना दिसतो, पण त्याचे अवयव पाडणे आजच्या संगणकांच्या आवाक्यात नाही. अट एकच : त्या संख्या कोणालाही अंदाज करता येणार नाही अशा निवडलेल्या हव्यात. डेबियन या लिनक्स प्रणालीतील ओपनएसएसएल या किल्ल्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून २००६ मध्ये दोन ओळी काढल्या गेल्या आणि निवडीतली अनिश्चितता केवळ प्रोसेस क्रमांकावर, म्हणजे चालू प्रोग्रॅमला संगणक देतो त्या छोट्या क्रमांकावर, येऊन ठेपली. एका प्रकारच्या संगणकावर ठरावीक लांबीच्या जेमतेम ३२,७६८ वेगळ्या किल्ल्या निघू शकत होत्या. हा दोष उघड झाला मे २००८ मध्ये. जीपीजी ओपनएसएसएलवर अवलंबून नसल्याने त्याच्या किल्ल्या बचावल्या. २०१७ मध्ये मात्र ‘रोका’ दोषाने ओपनपीजीपीलाही गाठले : इन्फिनिऑन या कंपनीच्या चिपमध्ये तयार झालेल्या २०४८ बिटांच्या आरएसए किल्ल्याही फोडता येण्याजोग्या निघाल्या. एस्टोनियाची लाखो ओळखपत्रे त्यात सापडली, तशाच युबिकी ४ या किल्ल्या साठवणाऱ्या छोट्या उपकरणाच्या आत बनवलेल्या ओपनपीजीपी किल्ल्याही. लांबीच्या आकड्यावर विसंबणे किती फसवे असते, ते इथे दिसते.

म्हणून किल्ली स्वतःच्या, अद्ययावत संगणकावरच बनवावी. ‘किल्ली तयार करून देतो’ म्हणणाऱ्या संकेतस्थळाने खासगी किल्लीची प्रत ठेवली नाही, हे तपासण्याचा मार्ग वापरणाऱ्याकडे नसतो. जीपीजी २.३ पासून एडी२५५१९ हा वक्रावर आधारलेला प्रकार आपोआप निवडला जातो. तो बहुतेकांना पुरेसा आहे.

परवलीचे वाक्य खासगी किल्लीच्या फाइलला कुलूप घालते. सर्वांना पाठ असलेली अभंगाची ओळ त्यासाठी कच्ची, कारण अंदाज बांधणारे प्रोग्रॅम प्रसिद्ध ओळी आधी चालवून पाहतात. फासे टाकून यादीतून निवडलेले सहा-सात शब्द कितीतरी बरे. या कुलपाचे महत्त्व मोठे आहे : नेहमीच्या वापरात वर्षानुवर्षांची पत्रे एकाच किल्लीजोडीने बंद होतात, त्यामुळे खासगी किल्ली चोरीला गेली तर साठवलेली सगळी जुनी पत्रेही उघडी पडतात. विषयाची ओळ आणि पत्ते तर बहुधा मुळातच उघडे असतात.

सार्वजनिक किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे का, हे तिच्या ठशावरून, म्हणजे किल्लीपासून गणिताने काढलेल्या छोट्या ओळख-क्रमांकावरून, पडताळतात. प्रचलित चौथ्या आवृत्तीच्या किल्लीचा ठसा ४० षोडशमान अंकांचा (० ते ९ आणि A ते F) असतो. तो समोरासमोर किंवा ओळखीच्या आवाजात फोनवर पूर्ण वाचून जुळवावा. शेवटचे आठ अंक जुळणारी बनावट किल्ली सहज तयार करता येते.

किल्लीला एक-दोन वर्षांची मुदत घालावी. ती पुढे वाढवता येते. जीपीजी २.१ पासून किल्लीबरोबरच रद्द-प्रमाणपत्रही तयार होते. संगणक बिघडला, हरवला किंवा परवली विसरली, तर किल्ली बाद झाल्याचे जगाला त्यातूनच कळवता येते. त्याची प्रत कागदावर छापून संगणकापासून दूर ठेवावी.