अपघातात जखमी झाल्यावर नुकसानभरपाईचा दावा: अर्ज कुठे, कधी आणि कोणत्या कागदांवर

जखमीला दवाखान्यात आणलं की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "कसं झालं?" सोबत आलेला कुणीतरी घाबरून सांगतो, "गाडीवरून पडला." केस पेपरवर तेवढंच उतरतं. पुढे दावा सुरू झाला की विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो: कारने धडक दिलीच नाही, हा स्वतःच घसरला. मग ते एक वाक्य खोडून काढण्यात तारखांवर तारखा जातात. म्हणून दाखल करतानाच कोणत्या वाहनाने, कुठे, किती वाजता धडक दिली ते सांगा आणि गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही लिहून घ्यायला लावा. खासगी रुग्णालय पोलिसांची कटकट नको म्हणून एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) टाळत असेल तर आग्रह धरा. बाहेरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी तपासून घ्यावं. आठवड्याने मान दुखू लागली तर ती अपघातामुळेच, हे पटवणं कठीण जातं.

दावा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. जखमी स्वतः अर्ज करू शकतो, अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलासाठी पालक करतात आणि मृत्यू झाला असेल तर वारस. पादचारी, दुचाकीस्वार, बसमधले प्रवासी, दुसऱ्या कारमधली माणसं, सगळे पात्र आहेत. विरुद्ध बाजूला चालक, मालक आणि विमा कंपनी असे तिघेही दाखवावेत. अपघात झाला तिथलं, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथलं किंवा समोरचा पक्ष राहतो तिथलं, यांपैकी सोयीचं न्यायाधिकरण निवडता येतं. गावाला जाताना दुसऱ्या जिल्ह्यात अपघात झाला म्हणून तारखांना तिकडे खेटे घालायची गरज नाही.

एक मेख मात्र आहे. चूक तुमच्याच चालवण्याची असेल तर स्वतःच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे इतरांच्या नुकसानीसाठी असलेल्या विम्यातून, तुम्हाला भरपाई मिळत नाही. मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, पण ते मृत्यू आणि ठरावीक कायमच्या अपंगत्वापुरतंच. खासगी कारमध्ये शेजारी बसलेल्या मित्राचंही नीट बघा. पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर कंपनी त्याची जबाबदारी नाकारते, सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर तो त्यात येतो.

मुदत सहा महिन्यांची, अपघाताच्या तारखेपासून. ही मर्यादा १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नये. "आधी पूर्ण बरं होऊ दे, मग बघू" हा सल्ला घरोघरी मिळतो आणि तोच सगळ्यात महागात पडतो. उपचार चालू असतानाही अर्ज दाखल करता येतो, पुढची बिलं नंतर जोडता येतात.

१ एप्रिल २०२२ पासूनच पोलिसांवरही वेळापत्रकाचं बंधन आहे. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. हा अहवालच भरपाईचा अर्ज मानावा, असं कायदा म्हणतो. कागदावर व्यवस्था चांगली आहे. तरीही तपास अधिकाऱ्याचं नाव विचारून ठेवा, अहवाल गेला का याची चौकशी करत राहा आणि आपला स्वतंत्र अर्ज वकिलामार्फत टाकाच. पोलिस ठाण्यात "आपसात मिटवून टाका" असं कुणी सुचवलं आणि दहा-वीस हजार हातावर ठेवले, तर "माझी काही तक्रार नाही" असं लिहून देऊ नका. आतला मार किती आहे हे त्या दिवशी तुम्हालाही माहीत नसतं. विमा कंपनीचा तपासनीस घरी येऊन जबाब मागेल. न वाचता सही करायची नाही आणि कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

दुसरी जपून करायची सही कलम १६४ ची. या कलमाखाली चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख मिळतात. हाड मोडणं गंभीर दुखापतीत येतं. पण विमा कंपनीकडून ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. साधं फ्रॅक्चर असेल, चूक तुमचीही असेल, तर अडीच लाख वाईट नाहीत. कायमचं अपंगत्व येणार असेल तर घाई करू नये.

कागदपत्रांत पोलिसांकडचे कागद म्हणजे एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, जखमांचं प्रमाणपत्र आणि पुढे दोषारोपपत्र. समोरच्या गाडीचं आरसी, विमा पॉलिसी आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती पोलिसांकडून मिळवाव्यात. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिलं चिठ्ठ्यांसह. रिक्षा-टॅक्सीचा खर्च, घरी ठेवलेल्या मदतनीसाचा पगार यांच्याही पावत्या ठेवा, हे खर्चही मागता येतात. आधार, बँक पासबुक आणि वयाचा पुरावा लागतोच. मेडिक्लेमला मूळ बिलं द्यावी लागतात, म्हणून त्याआधी साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात. मेडिक्लेममधून मिळालेले पैसे भरपाईतून वजा करायचे नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये सांगितलं आहे.

खरी रक्कम ठरते ती उत्पन्न आणि अपंगत्वावर. नोकरदाराकडे पगारपत्रक, फॉर्म १६ आणि रजेचा दाखला असतो. रिक्षाचालक, गवंडी, घरगुती डबे देणारी बाई यांनी बँक व्यवहार, ग्राहकांच्या नोंदी, परवाना, जे असेल ते द्यावं. अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का तसाच्या तसा धरला जात नाही. त्या दुखापतीने तुमचं कमावणं किती घटलं, हे न्यायाधिकरण बघतं. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार खटल्यात २०१० मध्ये हे उदाहरणाने मांडलं: डावा हात गमावलेला चालक किंवा सुतार आणि तसाच कारकून, दाखला सारखा, नुकसान वेगळं. म्हणून आपण रोज नेमकं काय काम करतो ते अर्जात तपशिलाने लिहा. दाखला देणारे डॉक्टर साक्षीला येतील का, हेही आधीच विचारून घ्या. त्यांच्या साक्षीशिवाय दाखल्याला वजन राहत नाही.

धडक देणारं वाहन सापडलंच नाही तर गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना २ लाख मिळतात. हा अर्ज न्यायाधिकरणात नव्हे, अपघाताच्या ठिकाणच्या तहसीलदार किंवा उपविभागीय महसूल अधिकाऱ्याकडे जातो. उपचारांसाठी २०२५ पासून वेगळी कॅशलेस योजना आहे: नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखांच्या मर्यादेत.

महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मधल्या काळात प्रकरण लोकअदालतीत ठेवायचं का, असं विचारलं जाईल. पैसे लवकर मिळतात, हे खरंच. पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही. पायात प्लेट असेल आणि ती काढायची शस्त्रक्रिया बाकी असेल, तर तिच्या खर्चाचं डॉक्टरांच्या सहीचं अंदाजपत्रक आकड्यावर बोलणं सुरू होण्याआधी फाइलमध्ये लागलेलं असू द्या.