सणांवरचे वर्गउपक्रम (सोलापूर)

सण जवळ आला की त्यातलीच एखादी वस्तू, पदार्थ, गोष्ट नाहीतर खेळ उचलायचा आणि त्यातनं भाषा, गणित, परिसर अभ्यास, चित्रकला असं काहीतरी शिकवायचं, याला शाळेत सणावरचा उपक्रम म्हणतात. पहिली ते चौथी-पाचवीच्या वर्गांत हे जास्त चालतं. त्याला वेगळा तास नसतो, कार्यानुभवाच्या तासात, शनिवारी, नाहीतर मराठीचा धडा लवकर संपला म्हणून, असं कुठंतरी बसवलं जातं.

जगभर हे चालतं. अमेरिकेतली पोरं नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला हाताचा पंजा कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवतात आणि त्याचा टर्की पक्षी करतात, अंगठा म्हणजे डोकं आणि बाकीची चार बोटं पिसारा. डिसेंबरात कागदाच्या घड्या घालून सहा टोकांचा हिमकण कापतात, त्यातनं सममिती कळते. त्यांच्याकडं ते बरोबरच आहे, बाहेर खरंच बर्फ पडत असतो. घोळ होतो तो आपल्याकडं, कारण तयार वर्कशीट नेटवर फुकट मिळतात आणि ज्या पोरानं बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर बघितलाय ते सोलापुरात बसून स्नोमॅन रंगवतं, आणि पांढऱ्या कागदावर पांढरा स्नोमॅन, रंगवणार तरी काय.

दुसरा घोळ म्हणजे सजावटीलाच उपक्रम म्हणायचं. राखी केली, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, झालं. माझ्या मते साधी परीक्षा आहे, त्या तासातला सण काढून टाकला तर मागं गणित किंवा भाषा काही उरते का बघायचं, नसेल उरत तर तो कार्यक्रम झाला, उपक्रम नाही. कार्यक्रमही करावेत की, कोण नको म्हणतंय, पण नाव तरी बरोबर द्यावं.

संक्रांत आणि गड्डा

सोलापुरात सगळ्यात जास्त खाणं-पिणं-शिकणं या एका आठवड्यात आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीला भरते, सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, गावाभोवतीच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, आणि होम मैदानावर जो बाजार भरतो त्याला सगळे गड्डा म्हणतात. शाळेत याचं छोटं रूप बऱ्याच ठिकाणी करतात, पोरं पांढरी बाराबंदी घालून येतात, कागदाचे नंदीध्वज, अक्षता, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" अशी आरोळी, आणि पहिलीतलं एखादं पोर गर्दीला घाबरून रडतंच.

पण त्यात विषय घालायचा तर जागा भरपूर आहे. ६८ लिंगं गावाच्या चारी बाजूंना पसरलेली आहेत, तर प्रत्येकानं आपल्या घराजवळचं लिंग कुठलं ते घरी विचारून यायचं आणि फरशीवर खडूनं काढलेल्या गावाच्या नकाशात शाळा मध्ये धरून ते कुठल्या दिशेला येतं तिथं खडा ठेवायचा. दिशा शिकवायला यापेक्षा सोपं काही मला तरी सापडलं नाही, पुस्तकातल्या बाणावरून पोरांना उत्तर दिशा म्हणजे वर एवढंच कळतं. ६८ ला चारनं भागा, सातनं भागा, सातनं भागल्यावर उरतात किती, हे पण करून घेता येतं.

नंदीध्वज उभा तोलून धरायचा असतो, म्हणून तिथं विज्ञान आहे. खराट्याची लांब काठी तळहातावर उभी तोलून बघा आणि मग पेन्सिल तोलून बघा. काठी थोडा वेळ तरी राहते, पेन्सिल लगेच पडते. उंच वस्तू कलायला वेळ घेते आणि तेवढ्यात हात तिच्याखाली सरकवता येतो, छोटी पटकन कलते. पोरांना आधी विचारायचं की कुठलं सोपं, जवळजवळ सगळी पेन्सिल म्हणतात, म्हणूनच मजा येते.

भाषेचं तर सोलापूर म्हणजे आयतं ताट आहे. महापालिकेच्या शाळाच मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा माध्यमांच्या आहेत, आणि मराठी शाळेतल्या वर्गातसुद्धा घरी वेगळं बोलणारी पोरं असतातच. फळ्यावर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू असे चार रकाने करायचे. तीळ, एळ्ळु, नुव्वुलु, तिल. गूळ, बेल्ल, बेल्लम, गुड. मराठीत आपण तिळगूळ घ्या गोड बोला म्हणतो, कन्नडमध्ये एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि, म्हणजे तीळगूळ खाऊन चांगलं बोला. एरवी गप्प बसणारी पोरगी त्या दिवशी फळ्यापाशी येऊन बाईंचा उच्चार सुधारते, हे बघायला मिळतं. बेल्ल आणि बेल्लम एवढे सारखे कसे, हा प्रश्न पोरंच विचारतात.

आणि संक्रांतीपासून दिवस मोठा व्हायला लागतो हे वाक्य निबंधात दरवर्षी येतं, ते तपासून बघण्यासारखं आहे. दिवस वाढायला लागतो २२ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे तीन आठवडे आधीच. मैदानात एक मीटरची काठी सरळ रोवायची आणि दुपारी साडेबाराला सावली मोजायची. सोलापुरात २२ डिसेंबरला ती साधारण ८७ सेंटिमीटर भरते, संक्रांतीला ८१ च्या आसपास, आणि फेब्रुवारीच्या शेवटी ५० च्याही आत येते. चौथीचा वर्ग आठवड्यातनं एकदा मोजून आलेख काढू शकतो, खर्च शून्य. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर दुपारी सावली पायाखालीच जाते, पण तेव्हा शाळेला सुट्टी आणि त्या उन्हात मैदानात उभं कोण राहणार.

गड्ड्याच्या ऐन तोंडावर १२ जानेवारी येते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांना १९३१ मध्ये याच दिवशी येरवड्याला फाशी दिली. ही नावं सोलापूरच्या पोरांना त्यांचे पुतळे असलेल्या चौकामुळं माहीत असतात पण चौक कशाचा हे माहीत नसतं. पुतळे बघून यायचं, १९३१ पासून आजपर्यंत किती वर्षं झाली ती वजाबाकी करायची, आणि तुझ्या आजोबांचे वडील तेव्हा कुठं होते हे घरी विचारून यायचं. या दिवशी कागदकाम नको, एवढंच माझं म्हणणं.

बाकीचे सण

आषाढी एकादशीला शाळेची दिंडी निघते, छोटे विठ्ठल-रखुमाई, डोक्यावर तुळस. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात म्हणून उत्साह जास्त. ज्ञानेश्वरांची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात शिरते, ती नकाशात रोज कुठं पोचली ते दोऱ्यानं पुढं सरकवत न्यायचं, एवढ्यानं जिल्ह्याचा पश्चिम भाग पाठ होतो.

राखी पौर्णिमेला शहराच्या पूर्व भागात मार्कंडेयाचा रथ निघतो. विणकरांचं गाव असल्यामुळं राखी विकत आणायची गरजच नाही, लूमवर उरलेलं सूत घराघरात मिळतं. त्याच धाग्यानं पुठ्ठ्यावर उभे-आडवे धागे घालून चादरीचा एवढासा तुकडा विणता येतो. त्याआधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची, भरलेली चौकट म्हणजे धागा वर, रिकामी म्हणजे खाली. चादरीच्या जॅकार्डला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राला, भोकं पाडलेले पुठ्ठे याच हिशोबानं चालतात, आणि ते ज्याच्या वडिलांना येतं त्यांना वर्गात बोलवावं, सरांपेक्षा बरं सांगतात.

नवरात्राच्या सुमारास पाटावर हत्ती काढून पोरी हादगा खेळतात आणि तेलुगू घरांतनं बतुकम्मा रचतात, फुलांचे गोल थर, खाली मोठा आणि वर छोटा होत गेलेला. दोन्ही गोलच, एक फेर धरायचा आणि एक रचायचा. हादग्याला पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं सोळाव्या दिवशी सोळा, तर एकूण गाणी किती झाली? बोटं मोजत बसलेल्या पोरांना पहिला आणि शेवटचा दिवस जोडीनं धरायला सांगायचं, १ आणि १६ सतरा, २ आणि १५ सतरा, अशा आठ जोड्या, १३६. खिरापत ओळखायचा खेळ म्हणजे प्रश्न विचारायला शिकवणंच, गोड की तिखट, कोरडं की ओलं.

दिवाळीत किल्ला. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो म्हणून तो करतातच, आणि सगळे करतात डोंगरी किल्ला. आपल्या गावात तलावाशेजारी खंदकाचा भुईकोट उभा असताना मातीचा डोंगर कशाला, असं विचारलं की पोरं विचारात पडतात. डोंगर नसेल तर किल्ला कशानं राखायचा, म्हणून खंदक, म्हणून दुहेरी तटबंदी, इथं भूगोल आपोआप येतो.

ईदला चंद्राची वही चांगली होते. रमजानच्या महिन्यात रोज संध्याकाळी नाहीतर पहाटे चंद्र दिसेल तसा काढायचा. रमजान ईद २०२३ ला २२ एप्रिल, २०२४ ला ११ एप्रिल, २०२५ ला ३१ मार्चला झाली, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते कारण चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं. मग दिवाळी का नाही सरकत उन्हाळ्यात? अधिक महिन्यामुळं, २०२३ चा अधिक श्रावण पोरांना आठवत नसला तरी आईला आठवतो. संक्रांत मात्र सूर्यावर चालते म्हणून १४-१५ जानेवारी सोडत नाही. एका तक्त्यावर तिन्ही लिहिली की पंचांग, कॅलेंडर आणि चंद्र एकत्र दिसतात.

वेळ अमावास्येला अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या खेड्यातल्या शाळेत उपक्रम घेण्यात अर्थ नाही, सगळे शेतात भज्जी, आंबील, उंडे खात बसलेले असतात आणि बऱ्याचदा गुरुजी पण. दुसऱ्या दिवशी मात्र कुणाच्या रानात ज्वारी होती, कुणाच्या हरभरा, कुणाच्या करडई याच्या खुणा फळ्यावर करून घ्याव्यात, रब्बीची पिकं त्यातच आली.

अडचणी

पैसा ही खरी अडचण आहे. चमकीचा कागद, थर्माकोल, गोंद मिळून चाळीस पोरांच्या वर्गाचा खर्च कोण करणार, शेवटी तो आईच्या पर्समधनं जातो आणि ज्याची आई विड्या वळते तिला तो लागतो. म्हणून सूत, खडे, जुने पेपर, काठी यांवरचे उपक्रम टिकतात. वेळेचं पण आहे, दिवाळीचा किल्ला सुट्टीत होतो तेव्हा वही नंतरच भरायची. गड्ड्याच्या दिवसांत तर शाळा असली तरी निम्मी पोरं पाळण्यावर, त्यामुळं गड्ड्याचं गणित गड्डा उठल्यावर घ्यावं. घरनं किती रुपये मिळाले, पाळण्याला किती, भेळेला किती, फुग्याला किती, आणि हिशोब जुळत नसेल तर उरलेले पैसे दादानं घेतले का, तेही पोरं सांगतात.