रस्त्यावरचे कुत्रे घरी आणताना आणि त्याला निरोप देताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दवाखान्यात नांदेड शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून येणाऱ्या कुत्र्यांपैकी बरीचशी विकत घेतलेली नसतात. कोणी तरी ती बसस्थानकाजवळून, मोंढ्यातून किंवा शेताच्या बांधावरून उचलून आणलेली असतात. अशा कुत्र्याविषयी पहिल्या भेटीत आणि शेवटच्या भेटीत जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे गर्दीच्या वेळी नीट देता येत नाहीत, म्हणून ती येथे लिहून देत आहोत.

घरात दुसरे कुत्रे असल्यास नव्या कुत्र्याला आधी तपासून घ्यावे आणि मगच दोघांची गाठ घालावी. आमच्या भागात सर्वांत आधी पाहावे लागतात ते गोचीड. गोचीड ताप झालेले कुत्रे सुरुवातीला केवळ सुस्त दिसते आणि खाणे कमी करते. पुढे हिरड्या फिकट पडतात आणि काही वेळा नाकातून रक्त येते. रक्ततपासणी वेळेवर झाली तर हा आजार सहसा औषधांनी आटोक्यात येतो. कुत्र्यावरील गोचीड भिंतीच्या भेगांत आणि फरशीच्या सांध्यांत अंडी घालतो, त्यामुळे केवळ कुत्र्याला औषध लावून भागत नाही, त्याची बसण्याची जागाही स्वच्छ करावी लागते. मात्र कपाशीवर फवारावयाचे औषध पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगाला चोळणे, हा काही घरांतील उपाय अत्यंत धोकादायक आहे; ते विष कातडीतून आणि चाटण्यातून शरीरात जाते व कुत्र्याला लाळ सुटून झटके येतात. असे झाल्यास डबा किंवा त्यावरील लेबल सोबत घेऊन तातडीने यावे.

मोठ्या वयाच्या कुत्र्याच्या किंवा कुत्रीच्या जननेंद्रियातून रक्ताचे थेंब पडत असतील, तर ते संभोगातून पसरणाऱ्या गाठीचे लक्षण असू शकते. ती गाठ पाहून अनेक जण कुत्रे परत सोडून देतात. वास्तविक आठवड्यातून एकदा द्यावयाच्या इंजेक्शनांनी ती बहुतेक कुत्र्यांमध्ये पूर्ण बरी होते. कानाला खाच असल्यास त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे असे सहसा समजावे.

पिल्लाला पार्व्हो व डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात सुरू होते आणि आम्ही सांगू त्या तारखांना पुढेही चालू ठेवावी लागते. नव्या कुत्र्याने कोणाला चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. हळद किंवा मिरची लावत बसू नये.

आहाराविषयी थोडक्यात सांगायचे तर केवळ दूध-भाकरीवर कुत्र्याचे पोषण होत नाही, सोबत उकडलेले अंडे किंवा कोंबडीचे मांस द्यावे. नरसीच्या नामदेवांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली ही कथा आपल्याकडे सर्वांना पाठ आहे, परंतु वैद्यकीय सल्ला म्हणून तूप बेतानेच घालावे. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट मुळीच देऊ नये.

लसीकरण पुस्तिकेच्या मागील कोऱ्या पानाचा आमचे फारच थोडे ग्राहक उपयोग करतात. त्यावर कुत्र्याचे वजन दर तीन महिन्यांनी लिहावे आणि त्याला मनापासून आवडणाऱ्या चार-पाच गोष्टीही लिहाव्यात: गाडीचा आवाज ओळखून फाटकाशी येणे, दुपारी ठरावीक जागी पडणे, अमुक हातूनच खाणे. उतारवयात निर्णय घेताना या नोंदी आमच्या तपासणीइतक्याच उपयोगी पडतात, कारण रोज डोळ्यांसमोर असलेल्या जिवाची घसरण घरच्यांच्या लक्षात उशिरा येते.

म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखू लागले की घरातील आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी दिली जाते. तिने जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, म्हणून कृपया ती देऊ नये. पाणी फार पिणे, वजन उतरणे, तोंडाला उग्र वास येणे ही लक्षणे मूत्रपिंडाच्या आजाराची असू शकतात. त्यावर सलाईन आणि पथ्याने काही काळ चांगला काढता येतो, परंतु वेदना आवरत नसेल, कुत्रे स्वतः उठून लघवीलाही जाऊ शकत नसेल आणि पुस्तिकेत लिहिलेल्या आवडींपैकी एकही उरली नसेल, तर दयामरणाचा विचार करणे आम्ही क्रूरपणा मानत नाही. कुत्र्याला कंटाळून दूर नेऊन सोडणे मात्र क्रूरपणाच आहे; उपाशी-तहानलेले मरेल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 नुसार गुन्हाही आहे.

दयामरणाच्या वेळी प्रथम गुंगीचे इंजेक्शन दिले जाते आणि त्यानंतर पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा दिली जाते. काही क्षणांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात, लघवी होऊ शकते आणि क्वचित एखादा खोल श्वास घेतल्यासारखे दिसते. ही वेदनेची चिन्हे नसतात, हे आधीच ठाऊक असलेले बरे. जवळ थांबावे की नाही हे आपण ठरवावे. लहान मुलांना मात्र ‘तो झोपला’ असे सांगू नये, कारण मग ती त्याच्या उठण्याची वाट पाहत राहतात.

शेतात पुरावयाचे असल्यास विहीर, बोअर आणि ओढा यांपासून दूर जागा निवडावी व खड्डा किमान चार फूट खोल घ्यावा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे उथळ खड्डा उघडा पडण्याची भीती असते. शिवाय भुलीचे औषध मृतदेहात टिकून राहते आणि तो उकरून खाणारी कुत्री व पक्षी त्यामुळे मरू शकतात. शहरात राहणाऱ्यांनी महानगरपालिकेच्या व्यवस्थेविषयी आमच्याकडे चौकशी करावी.

दुसरे कुत्रे कधी आणावे याला नियम नाही. अपवाद पार्व्होचा आहे: पहिले पिल्लू या रोगाने गेले असेल, तर विषाणू अंगणात आणि घरात अनेक महिने तग धरतो, साध्या फिनाईलने मरत नाही. फरशी आधी धुऊन, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या मिश्रणाने ओली करून किमान दहा मिनिटे तशीच ठेवावी, आणि त्या वर्षात घरी आणावयाचेच असेल तर लसीकरण पूर्ण झालेले मोठे कुत्रे आणावे.